चेतक, मी आणि हितचिंतक

या पानावर मी एरवी ऱ्हस्वदीर्घाच्या, वाक्प्रचारांच्या आणि वर्गातल्या गमतीजमतींच्या गोष्टी सांगतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचा निरोप आला की, यंदा जरा घरगुती, खुसखुशीत असं काही द्या. घरगुती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिली उभी राहिली ती आमची स्कूटर. उभीच राहिली म्हणतो, कारण गेल्या हिवाळ्यात चालण्यापेक्षा उभं राहणंच तिनं अधिक केलं. तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो. मजकूर खुसखुशीत होईल की नाही, ते मात्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ठरवू नये.

आमची स्कूटर म्हणजे बजाज चेतक. माझ्या वडिलांनी १९७७ साली नंबर लावला आणि १९८४ साली ती दारात आली. मधल्या सात वर्षांत माझा जन्म झाला. वडील म्हणत की, मुलगा नऊ महिन्यांत आला, स्कूटरला सात वर्षं लागली. दोहोंत कोण जास्त उपयोगी पडलं ते विचारू नका. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यानं राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव देऊन ही स्कूटर बाजारात आणली, आणि पुढं पंचवीसतीस वर्षं महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा संसार तिच्यावर बसून इकडून तिकडे गेला. मी पुढं उभा, वडील हँडलवर, मागं आई, आईच्या मांडीवर धाकटी बहीण आणि स्टेपनीला लटकवलेली भाजीची पिशवी. आता त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर २०२० पासून निघाली आहे. ती आवाज करीत नाही. आमची आवाजाखेरीज काहीच करीत नाही, असं सौ.चं मत आहे.

वडील गेले, स्कूटर राहिली. पंधरा वर्षांनंतर आणि मग दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून, पाटीवरचा जुन्या पद्धतीचा तीन अक्षरी नंबर मी जपला आहे. कर्वेनगरातून कॉलेजात जायला मी तीच वापरतो. टू-स्ट्रोक इंजिन, दीडशे सी.सी.ला पाचेक कमी, पेट्रोलात तेल मिसळून घालायचं, सकाळी एका अंगाला कलती करून दोन किका मारायच्या की ही निघाली. चाळीस वर्षं तिनं मोठं असं दुखणं काढलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिनं एक नवीनच खोड काढली. घरून उत्तम निघायची, दहाबारा किलोमीटर छान पळायची आणि मग चालता चालता कुणी गळा दाबावा तशी दोनदा आचके देऊन बंद पडायची. दहा मिनिटं खटपट केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. पुन्हा काही अंतर, पुन्हा आचके.

बंद पडलेल्या स्कूटरभोवती पुण्यात जेवढे जाणकार जमतात तेवढे साहित्य संमेलनातही जमत नसतील. माझ्यापाशी तर ते घरचेच होते.

सर्वांत आधी शेजारचे अण्णा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ज्या वस्तूला तार आहे तिच्यावर आपला अधिकार आहे, अशी त्यांची समजूत. "प्लग!" ते गॅलरीतूनच म्हणाले. "बंद पडली की प्लग काढायचा, पॉलिशपेपरनं घासायचा, परत बसवायचा." मी तसं केलं. स्कूटर सुरू झाली. मी अण्णांचे आभार मानले आणि नवा प्लगही घेतला. दुसऱ्या दिवशी नव्या प्लगासकट ती म्हात्रे पुलावर बंद पडली.

धाकटे मेहुणे चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहेत. ते म्हणाले, "भावोजी, प्लग हे लक्षण आहे, रोग नव्हे. कॉइल गरम झाली की ठिणगी मरते, गार झाली की परत येते. सरळ आहे." खरोखर सरळ होतं. कॉइल बदलली. हात लागलाच आहे तर कंडेन्सर बदलला, पॉइंटही बदलले. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दांडेकर पुलाच्या चौकात आचके.

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गंभीर गृहस्थ आहेत. त्यांनी कागदावर आकृती काढून मला समजावलं की, इंजिनच्या उष्णतेनं नळीत पेट्रोलाची वाफ होते आणि ती वाफ पेट्रोलाची वाट अडवते. उपाय, नळीला ओलं फडकं. मी डिकीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा ठेवू लागलो. बंद पडली की फडकं भिजवून नळीला गुंडाळायचं, पाच मिनिटं थांबायचं, किक मारायची. सुरू! विज्ञानाचा विजय झाला, असं मी घरी जाहीर केलं. डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी, आपल्याच तोंडातून वाफ निघत असताना, नळीत पेट्रोलाची वाफ कशी होते असं सौ.नं विचारलं, पण तिचं शिक्षण वाणिज्य शाखेचं असल्यामुळं मी लक्ष दिलं नाही.

एक दूरचे काका आहेत. ते म्हणाले, "पेट्रोलातलं शिसं काढलं ना, तेव्हापासून जुन्या इंजिनांचे व्हॉल्व बसतात." शिसं काढलं ही गोष्ट खरी, २००० सालापासून आपल्याकडं सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलच मिळतं, आणि काही जुन्या मोटारींच्या व्हॉल्वच्या बैठकांना शिसं लागत असे हेही खरं. फक्त टू-स्ट्रोक चेतकच्या इंजिनाला मोटारीसारखे व्हॉल्वच नसतात, ही किरकोळ बाब काकांच्या नजरेतून सुटली होती. माझ्याही सुटली. मी पंधरा दिवस मोठ्या काळजीनं त्या नसलेल्या व्हॉल्वांची चौकशी करीत हिंडलो.

मग इथेनॉलवाले. यांची संख्या सध्या सर्वांत मोठी. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलं, ते पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि वायसरांना ते मानवत नाही, हे सगळं बरोबर आहे. मी नळी बदलली तेव्हा जुनी खरोखर कडक होऊन तडकली होती. पण प्रत्येक खरी गोष्ट आपल्या दुखण्याचं कारण नसते. नव्या नळीनंही स्कूटर बंदच पडली.

शेवटी चौकातल्या गॅरेजवाल्यानं न पाहताच सांगितलं, "साहेब, कॉम्प्रेशन गेलं. रिंगा टाका." टाकल्या. आतापर्यंतच्या खर्चाची बेरीज सात हजार चारशे झाली. ही बेरीज सौ.नं केली, शिक्षण वाणिज्य शाखेचं असल्यामुळं.

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल की, या माणसाला स्वतःची अक्कल नव्हती का? होती, आणि तीच नडली. दोनचार महिन्यांत मी बरंच वाचलं होतं. इंजिनाला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते आणि दाब लागतो. तिन्ही मिळाली तर ते चालतं आणि एखादं नसेल तर थांबतं, एवढं मला पाठ झालं होतं. बंद पडल्यावर प्लग काढून पाहावा, ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही, कोरडा असेल तर पोचतच नाही, हेही कळलं होतं. आमचा प्लग दर वेळी कोरडा ठणठणीत असायचा. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. पण कार्बुरेटरची नळी सोडवून पाहावी, तर पेट्रोल धो धो वाहायचं! मग मी निष्कर्ष काढला की, दोष कार्बुरेटरात आहे. तो तीनदा उघडला, जेट फुंकले, सुई बदलली. दर वेळी नंतर स्कूटर सुरू झाली. दर वेळी मला वाटलं, सापडलं.

माझी तक्रार आहे ती इथंच. सल्ला चुकीचा असला आणि अपयशी ठरला, तर तो लगेच टाकून देता येतो. आमच्याकडं दिलेला प्रत्येक सल्ला लागू पडत होता! प्लग घासला, सुरू. फडकं गुंडाळलं, सुरू. जेट फुंकला, सुरू. एकदा एका रिक्षावाल्यानं सांगितलं म्हणून नुसतीच मागंपुढं हलवली, तरी सुरू. त्यामुळं प्रत्येक हितचिंतकाला आपण जिंकलो असंच वाटत राहिलं आणि एकानंही पुढचा प्रश्न विचारला नाही. कॉइलवाले गृहस्थ अजून मानतात की, दोष कॉइलचाच होता, मी नकली कॉइल घेतली.

यांतल्या एकानंही मला "केव्हा बंद पडते?" असं विचारलं नव्हतं. सगळे एकदम वस्तूचं नावच घेत. "आमच्या गाडीला हुबेहूब असंच झालं होतं," असं वाक्याच्या आरंभी येई, आणि मग त्यांच्या गाडीची कथा. आमच्या गाडीची कथा सांगायला मी तोंड उघडीपर्यंत त्यांचा चहा संपलेला असे.

या सगळ्या काळात मीही स्वस्थ बसलो नव्हतो. मीही सल्ले देत होतो. आमच्या स्टाफरूममध्ये भूगोलाचे एक सर आहेत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, अबोल, नीटनेटके. त्यांच्याकडंही चेतक. त्यांच्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतलेली. दोन चेतकवाले म्हणून आमचा विशेष स्नेह. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते म्हणाले होते की, सीटखालून पेट्रोलाचा फार वास येतो. मला आनंद झाला, कारण त्या दुखण्यावरचं औषध माझ्यापाशी तयार होतं. आमच्याही स्कूटरला तोच वास येत होता. टाकीच्या झाकणाचा वायसर झिजला होता, आणि अण्णांच्या सांगण्यावरून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून झाकणात बसवली होती. वास गायब! मी सरांना चकतीचा आकार कागदावर काढून दिला. त्यांनी बसवली. त्यांचाही वास गेला. त्यांनी मला चहा पाजला.

जानेवारीच्या सुरुवातीला ते म्हणाले, "माझी हल्ली मध्येच बंद पडते." मी हसून म्हटलं, "माझीही पडते. प्लग काढून पुसा, होईल सुरू." चार दिवसांनी ते म्हणाले, "तुमच्यासारखी प्लग पुसून माझी सुरू होत नाही हो. अर्धा तास थांबावं लागतं." मी त्यांना प्लग कसा पुसावा ते पुन्हा समजावून सांगितलं. मनात म्हटलं, भूगोलवाल्यांना यंत्राचं अंग नसतं.

या वाक्याची मला आज फार लाज वाटते. कारण त्या वाक्यात सगळं उत्तर होतं.

फेब्रुवारीत मुलीची शिष्यवृत्तीची परीक्षा आली. रविवार होता. केंद्र सदाशिव पेठेत. आदल्या संध्याकाळी अण्णांनी बजावलं, "उद्या धोका नको. टाकी पूर्ण भरून ठेवा. जुन्या गाड्यांत पेट्रोल कमी असलं की तळचा गाळ ओढला जातो." पटण्यासारखं होतं. मी टाकी काठोकाठ भरली. सकाळी मुलीला मागं बसवलं, पॅड, पेन्सिली, पाण्याची बाटली, देवापुढची हळद कपाळावर, आणि निघालो. एरवी दहाबारा किलोमीटरवर दगा देणारी ती बया त्या दिवशी अडीच किलोमीटरवर, म्हात्रे पुलाच्या मधोमध थांबली.

मी प्लग काढला, पुसला, बसवला. किक. काही नाही. फडकं गुंडाळलं. काही नाही. हलवली. काही नाही. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती घड्याळाकडं पाहत होती. मी तिसऱ्यांदा प्लग काढला तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि तिच्या लक्षात ते आलं असावं, कारण ती म्हणाली, "बाबा, आपण रिक्षा करू या का?" रिक्षा मिळायला वेळ लागला. आम्ही पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. बाईंनी आत घेतलं, हे त्यांचे उपकार. पुढं यादीत तिचं नाव आलं नाही. ते त्या दहा मिनिटांमुळं की गणितामुळं, याचं निदान मी करणार नाही. निदानावरचा माझा विश्वास आता मर्यादित आहे.

पेपर सुटल्यावर मुलीला घेऊन पुन्हा पुलावर आलो. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली! तीन तास गाडी नुसती उभी होती. मला रडावं की हसावं कळेना. रागाच्या भरात तिला भंगारात घालायचं असं ठरवून मी नाना पेठेकडं निघालो, तर लक्ष्मी रोडवर पुन्हा बंद. तिथून ढकलत नेली. मुलगी मागून हात लावत होती.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या मागल्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री बसतात. वडील त्यांच्याकडंच जायचे. पुढं कर्वेनगरहून लांब पडतं म्हणून मी जाणं सोडलं होतं. त्यांनी स्कूटर ओळखली, मला नाही. मी त्यांना सर्व इतिहास सांगू लागलो: प्लग, कॉइल, कंडेन्सर, रिंगा. त्यांनी हात वर केला.

"काय काय बदललं ते नको. बंद केव्हा पडते ते सांगा."

मी म्हटलं, "केव्हाही."

"केव्हाही असं नसतं, सर. थंड असताना की तापल्यावर? चढावर की सपाटीला? टाकी भरलेली असताना लवकर पडते की रिकामी असताना?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून मी थबकलो. मला आठवू लागलं. टाकी भरल्याच्या दिवशी ती नेहमीच लवकर बंद पडत असे. मी ते भेसळीच्या खाती टाकून पेट्रोलपंप बदलत होतो.

"बरं, बंद पडली की पहिलं काय करता?"

"प्लग काढतो," मी म्हटलं.

"नाही," मुलगी म्हणाली. ती तोपर्यंत एका उलट्या डब्यावर बसली होती. "पहिल्यांदा बाबा सीट उचलून झाकण उघडतात आणि पेट्रोल आहे का ते बघतात. मग बाकीचं."

मिस्त्री तिच्याकडं वळले. "आणि आज?"

"आज नाही बघितलं. आज टाकी भरलेली होती ना."

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी स्कूटर सुरू केली, गल्लीतून बाहेर नेली. पाचएक मिनिटांनी दूरवरून त्यांची हाक आली. आम्ही पळत गेलो. स्कूटर बंद पडून उभी होती. "कुणी हात लावू नका," ते म्हणाले. चार किका मारून दाखवल्या. ढिम्म. मग त्यांनी सीट उचलली, मुलीला जवळ बोलावलं आणि झाकण हलकेच फिरवलं. फुस्स्! अगदी स्पष्ट ऐकू आलं. तहानलेल्या माणसानं घोट घ्यावा तसा आवाज. बाकी कशालाही हात न लावता त्यांनी किक मारली. पहिल्या किकला सुरू.

या झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी त्याची जागा घ्यायला त्या भोकातून हवा आत येते. हवा आली नाही तर पेट्रोल उतरायचं थांबतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार तुटत तुटत पडते, म्हणून आपल्या आया दुसरं भोक पाडतात, तीच गोष्ट. चेतकला पेट्रोल खेचायला पंप नसतो, ते आपल्या वजनानंच खाली उतरतं, त्यामुळं थोडीशी ओढही त्याला अडवायला पुरते. टाकी भरलेली असली की वर हवा अगदी थोडी; तिला ताण लवकर बसतो. टाकी अर्धी असली की वर हवा पुष्कळ, म्हणून दहाबारा किलोमीटर सवड मिळते. झाकण उघडलं की हवा आत. मग तुम्ही प्लग घासा, फडकं गुंडाळा की गणपतीला नवस बोला, स्कूटर सुरू होणारच. आणि नळी सोडून पाहिली तर पेट्रोल धो धो वाहणारच, कारण झाकण आपण आधीच उघडलेलं! चार महिने मी रोज रोग्याला बरा करीत होतो आणि श्रेय भलत्याच औषधाला देत होतो.

मिस्त्रींनी झाकणाच्या आतून माझी सायकलच्या ट्यूबची चकती काढून हातावर ठेवली. पेट्रोलात राहून ती फुगली होती, लिबलिबीत झाली होती आणि त्या बारीक भोकावर घट्ट चिकटून बसली होती. बसवली तेव्हा ती पातळ होती, म्हणून पहिले पंधरा दिवस काही बिघडलं नाही. आणि म्हणूनच चकतीचा आणि आचक्यांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नाही. "ही कोणी बसवली?" त्यांनी विचारलं. मी अण्णांचं नाव सांगणार होतो. मुलगी माझ्याकडं पाहत होती. मी म्हटलं, "मी."

त्यांनी भोकात बारीक तार फिरवली, योग्य तो वायसर बसवला आणि साठ रुपये घेतले. मी शंभराची नोट पुढं केली तर चाळीस परत दिले. "टेस्टिंगला पेट्रोल तुमचंच जळलं," म्हणाले.

परतताना मला माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी आठवत होती. दोन वर्षांपूर्वीची. तिचे निबंध अर्धवट, वाक्यं मध्येच तुटलेली. मी वीस वर्षांचा अनुभवी वैद्य. तिला तपासलंसुद्धा नाही. "वाचन वाढवा," असं लाल शाईनं लिहून दिलं, तीनदा. वार्षिक परीक्षेनंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की, ती रात्री दहापर्यंत एका कापडदुकानात उभी असे आणि निबंध बसमध्ये लिहीत असे. वाक्य तुटे ते बस थांबली म्हणून. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिनं पुढं कॉलेजच सोडलं.

घरी आल्यावर जेवणाआधी मी भूगोलाच्या सरांना फोन लावला. आता माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं होतं. सर काटेकोर माणूस. किती किलोमीटर झाले आणि टाकीत किती पेट्रोल उरलं, याची ते वहीत नोंद ठेवतात. त्यांना झाकण उघडून बघायची गरजच पडत नसणार. म्हणून त्यांना प्लग पुसून गुण येत नव्हता, म्हणून अर्धा तास थांबावं लागत होतं. तेवढ्या वेळात चकतीच्या कडेनं थोडी थोडी हवा आत झिरपत असणार. मला त्यांना सगळं समजावून सांगायचं होतं. सांगायला मी अगदी उतावीळ झालो होतो.

"सर, तुमच्या स्कूटरचं..." मी सुरुवात केली.

"अहो, तुम्हांला सांगायचंच राहिलं," ते म्हणाले. "दिली ती. आठ दिवस झाले. रोजचं थांबणं सोसेना. एकदा हिला घेऊन सिंहगड रस्त्यावर रात्री पाऊण तास उभं राहिलो, तेव्हा ठरवलं. भंगारवाला घरीच आला होता. अडीच हजार दिले. वडिलांची होती, वाईट वाटलं थोडं. पण इंजिनच संपलं म्हटल्यावर काय करणार?" मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही बरंच सांगून पाहिलंत. मलाच जमलं नाही."

मी म्हटलं, "हो का." आणखी काय बोललो ते आठवत नाही. मुलीचा पेपर कसा गेला असं त्यांनी विचारलं, मी बरा गेला म्हटलं, आणि फोन ठेवला.

बुधवारी आणि नंतरच्या रविवारी मी जुन्या बाजारात जाऊन आलो. चेतकची हँडलं होती, मडगार्डं होती, एका गोणपाटावर टाक्याही होत्या तीनचार. त्यांतल्या एकीलाही झाकण नव्हतं.

आमची स्कूटर आता छान चालते. सर बसनं येतात. आम्ही स्टाफरूममध्ये समोरासमोर बसतो, चहा एकत्र घेतो. मार्चपासून आजपर्यंत मी निदान दहादा सुरुवात केली असेल, आणि दर वेळी तास भरल्याची घंटा झाली किंवा मीच ती झाली असं मानून घेतलं. तोंडानं जमेना म्हणून इथं लिहिलं. सर या साप्ताहिकाचे जुने वर्गणीदार आहेत, आणि दिवाळी अंक आला की आधी माझं पान काढतात.